सोमवारी बंद दुकानातलं मार्केटिंग

किस्से जमवावे लागत नाहीत, ते साठतात. मी डोंबिवलीत पूर्वेला दुकानांचे बोर्ड, बॅनर, पत्रकं, व्हिजिटिंग कार्डं असलं सगळं बनवते. माझ्याकडे आलेला माणूस "दोनच मिनिटं हं स्मिताताई" म्हणत स्टुलावर टेकतो. मग स्क्रीनवर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत बघतो आणि त्याला काय होतं कोण जाणे, बोलायलाच लागतो. धंदा कसा सुरू केला, सासरे काय म्हणाले, समोरचा कसा जळतो... प्रूफ फायनल होईपर्यंत अर्धं आयुष्य सांगून होतं.

आता हेच बघा. कल्याणचे एक मिठाईवाले आलेले. म्हणाले, "ताई, बोर्डाखाली मोठ्ठं लिहायचं, 'आमची कोठेही शाखा नाही'. त्याने वजन येतं."

मी लिहिलं. त्यांना आवडलं. म्हणाले, "झकास! दोन काढा."

"दोन कशाला? दुकानाला दोन दरवाजे आहेत का?"

"छे हो! दुसरा टिटवाळ्याच्या शाखेला!"

असे किस्से एकटीच्या पोटात मावत नाहीत. ते सांगायला मंडळी लागतात, आणि ती मला मिळाली ठाण्यातल्या एका सेमिनारमध्ये.

*

सेमिनार छोट्या व्यावसायिकांसाठी होता. प्रवेश मोफत, चहा-बिस्किटं मोफत, आणि एसी इतका की बायकांनी पदर आणि पुरुषांनी हात गुंडाळून घेतलेले. स्टेजवर सूटबूट घातलेले एक सर. ते अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं आमच्याकडून वदवून घ्यायचे.

"ग्राहक म्हणजे कोण?"

"राजाऽऽऽ!" अख्खा हॉल ओरडला.

"ऐकू आलं नाही!"

"राजाऽऽऽ!"

माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई बसलेल्या. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, कानात मोत्याच्या कुड्या. त्या काही ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे हात वर केला आणि उभ्या राहिल्या.

"मी लेले. शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवते. एक शंका आहे. राजाने डबे परत करण्याची काही पद्धत असते का? माझे स्टीलचे पुष्कळ डबे निरनिराळ्या राजवाड्यांत अडकून पडले आहेत."

हॉलमध्ये हशा पिकला! सरसुद्धा हसले.

चहाच्या वेळी लेलेकाकूंभोवती जी गर्दी झाली, त्यातूनच आमचा ग्रुप झाला. ठाण्यात कोकणातल्या वस्तू विकणारे सावंत, कल्याणचा चष्मेवाला दिनेश, दिवा स्टेशनजवळ पार्लर चालवणारी पौर्णिमा, शीळ रस्त्याकडचे हॉलवाले जनादादा म्हात्रे, काकू आणि मी. सोमवारी माझं दुकान बंद असतं. दुपारी शटर अर्धं खाली ओढायचं आणि आत बसायचं. चहा माझा, खाणं काकूंचं, बाकी बडबड ज्याची त्याची.

पहिल्याच सोमवारी काकूंनी माझ्याकडून डब्यांच्या झाकणांवर लावायला स्टिकर करून घेतले. मजकूर त्यांचाच: "राजेसाहेब, डबा!"

पुढच्या सोमवारी मी विचारलं, "काय काकू, आले का डबे?"

"आले की! भरपूर आले. माझे थोडे, आणि बाकीचे कुणाकुणाचे. लोकांना एकदा लाज वाटली की ती नेमकी कुणाची वाटते ते कळत नाही गं!"

*

सेमिनारच्या सरांनी एक गोष्ट मात्र सावंतांच्या डोक्यात पक्की बसवलेली. "गर्दीत वेगळे दिसा!"

सावंत मूळचे मालवणकडचे. बोलणं कमी, आणि खोटं बोलायची वेळ आली की तेही बंद. दुकानात कोकम, काजू, कुळथाचं पीठ, आणि सीझनला आंबे. त्या वर्षी देवगडचा माल यायला उशीर होत होता. आजूबाजूला मात्र जो तो 'अस्सल देवगड हापूस' लावून बसलेला. सावंतांकडे कर्नाटकातला हापूस आलेला. गोड होता, चांगला होता, पण देवगडचा नव्हता.

एका सकाळी ते माझ्याकडे आले. "ताई, बोर्ड हवा. लिहा, 'हा आंबा देवगडचा नाही'."

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हटलं, "सावंत, लोक आंबा घ्यायला येतात, कबुलीजबाब ऐकायला नाही."

"लिवा तुम्ही."

बोर्ड लागला आणि सगळ्यात आधी सावंतवहिनी भडकल्या. "लोक नसलेलं आहे म्हणून विकतात, आणि हे नसलेलं नाही म्हणून टांगतायत! पेट्या काय घरी नेऊन खायच्या?" सावंत पण आतून घाबरलेलेच. सगळा माल रोख पैसे टाकून आणलेला. दिवसभर माणसं थांबायची, बोर्ड वाचायची, हसायची, पुढे जायची.

संध्याकाळी एक आजोबा काठी टेकत आले. बोर्ड दोनदा वाचला. "मग देवगडचा कुठाय?"

"अजून आला नाही. आला की सांगतो."

"तोवर?"

"तोवर हा खा. गोड आहे. फक्त देवगडचा नाही."

आजोबांनी चाखून बघितला, एक पेटी घेतली, आणि जाताना सोसायटीत सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बिल्डिंगमधले चौघं-पाचजण आले. प्रत्येकजण येऊन हेच म्हणे, "तो नसलेला आंबा द्या!" वहिनींनी मग स्वतःच बोर्डावरची धूळ पुसून तो आणखी पुढे आणून लावला.

दोन दिवसांनी सावंतांच्या शेजारचा स्टॉलवाला माझ्याकडे हजर. "मॅडम, सावंतांना केलात ना, सेम तसाच बोर्ड पाहिजे. तीच साइज, तोच रंग, तीच अक्षरं."

"करते की."

"फक्त त्यातला 'नाही' तेवढा काढा!"

*

दिनेशचं चष्म्याचं दुकान कल्याणला. माणूस अतिशय सरळ आणि अतिशय हळवा. ऑनलाइन रिव्ह्यू हा प्रकार त्याने सेमिनारनंतर मनावर घेतला. दुकानात येईल त्याला हात जोडून सांगायचा, "काका, जमलं तर रिव्ह्यू द्या." सगळे पाच-पाच स्टार देत होते. दिनेश रोज सकाळी देवाआधी ते बघायचा.

एका सकाळी बघतो तर एक स्टार! खाली काही लिहिलेलं नाही. नुसता एक स्टार आणि नाव, गोसावी.

त्या सोमवारी दिनेश आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "ताई, गोसावीकाका! विठ्ठलवाडीचे. त्यांच्या चष्म्याची काडी तुटलेली तर मी घरी जाऊन बसवून आलेलो. काय चुकलं असेल हो माझं?"

काकू म्हणाल्या, "अरे, विचार त्यांना."

"कसं विचारू? 'मला एकच का दिला' असं विचारायचं? भिकाऱ्यासारखं?"

"नंबर चुकला असंल," जनादादा म्हणाले. "डोल्यांना बरोबर दिसत नसंल, म्हणून रागावला असंल म्हातारा."

हे ऐकून तर दिनेश आणखी खचला. चष्मेवाल्याला यापेक्षा वाईट काय असतं? त्याला दोन दिवस झोप नाही. शेवटी पेढे घेऊन तो विठ्ठलवाडीला काकांच्या दारात गेला. काकांनी प्रेमाने बसवलं, चहा ठेवायला सांगितला. चष्मा नाकावर व्यवस्थित होता. पेपर वाचत होते.

दिनेशला राहवलं नाही. "काका, चष्म्याचा काही त्रास?"

"छे! फर्स्टक्लास!"

"मग... तो रिव्ह्यू..."

"बघितलास? नातवाकडून फोन मागून घेतला आणि स्वतः दिला बरं! मी म्हटलं, आपल्या दिनेशचं दुकान म्हणजे एक नंबर. एकच दाबला!"

दिनेशच्या जिवात जीव आला. डोळे पुसून तो पेढा काकांच्या हातावर ठेवणार, तेवढ्यात काका पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, "आणि तुझ्या समोरच्या दुकानाची पण जिरवली मी. त्याला पाचवा नंबर दिलाय!"

*

ग्राहक सांभाळण्याची एक युक्ती सरांनी दिलेली. जो ग्राहक यायचा बंद झाला, त्याला स्वतः फोन करा. आमच्यातल्या कुणालाच हे जमेना. सावंत म्हणाले, "गेलेल्याक काय हाक मारूची?" पण लेलेकाकूंनी शिक्षिकेच्या शिस्तीने फोन लावला. शिंदे म्हणून एक तरुण मुलगा, कंपनीत शिफ्टला जाणारा, एकटा राहणारा, रोज त्यांच्याकडून पोळी-भाजी न्यायचा. बरेच दिवस फिरकला नव्हता.

"शिंदे, मी लेलेकाकू बोलतेय. बरा आहेस ना? जेवतोस कुठे हल्ली?"

पलीकडून एकदम, "सॉरी काकू!"

"अरे, सॉरी कशाला?"

"काकू, मी कोपऱ्यावरच्या नव्या केंद्रातून नेतो. रागावू नका. त्यांची पोळी मऊ असते. रात्रीपर्यंत मऊ राहते."

दुसरी कुणी असती तर फोन आपटला असता. काकूंना लागलं, नाही असं नाही. इतक्या वर्षांचा हात, आणि पोळी मऊ नाही म्हणे! पण त्यांनी त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या केंद्रातून पोळ्या मागवल्या. झाकून ठेवल्या. रात्रीच्या जेवणाला मोडून बघितल्या. सोमवारी आम्हाला म्हणाल्या, "खरंच मऊ आहे गं. मान्य करायला हवं."

मग त्या सरळ त्या केंद्रात गेल्या. केंद्र भारती नावाच्या बाईंचं. त्या बिचाऱ्या काकूंना दारात बघून घाबरल्याच. भांडायला आल्या असं वाटलं त्यांना.

काकूंनी विचारलं, "तेल घालतेस ना गं कणकेत? आणि लाटतानाही?"

"हो काकू. सढळ घालते."

"वाटलंच मला. मीही घालत असे. लोकांच्या तब्येतीसाठी म्हणून मी कमी केलं."

परत आल्यावर काकूंनी दोन प्रकार सुरू केले. मी त्यांना दोन पाट्या करून दिल्या, 'मऊ पोळी' आणि 'तब्येतीची पोळी'. शिंदे परत आला. काकूंनी विचारलं, "कुठली देऊ?"

"मऊ!"

"आणि तब्येत?"

"तब्येत पुढच्या महिन्यापासून, काकू!"

सगळे मऊच नेतात. आम्ही काकूंना म्हटलं, "मग ती दुसरी पाटी काढून टाका ना. कोणी घेत नाही तर."

"असं कसं? एक ग्राहक आहे ना नेमाने नेणारी. डॉक्टरांनी तेल बंद केलंय तिचं."

"कोण?"

"भारती!"

*

पौर्णिमाचं पार्लर दिव्याला, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा. आमच्यात ती सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त पत्रकं छापणारी. गुलाबी पत्रकं, पिवळी पत्रकं, उद्घाटनाची ऑफर, सणाची ऑफर. स्टेशनवर वाटली, पेपरात घातली. लांबून बायका यायच्या, पण तिच्या स्वतःच्याच बिल्डिंगमधली एकही बाई कधी आत आली नाही. जिन्यात भेटल्या तर मान वळवायच्या. पार्लर म्हणजे काहीतरी उगीचचा थाट, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

"ताई, माझं भाडं निघेना तर मी बंद करून गावाला जाईन," एका सोमवारी ती म्हणाली. हसत म्हणाली, पण चहा तसाच राहिला तिचा.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. संध्याकाळी साखरपुडा होता तिचा. पौर्णिमाने तिच्या चेहऱ्याला जाड पॅक लावला, केसांना काहीतरी चोपडलं, आणि पाच-दहा मिनिटांनी नळ सोडला तर नळातून नुसती हवा! दिव्याचं पाणी. आज येणार म्हणून निरोप होता, आलंच नाही. भरून ठेवलेली बादली सकाळच्या गिऱ्हाइकांनाच संपलेली.

पॅक वाळत चाललेला. मुलीच्या डोळ्यांत पाणी. "ताई, माझी सासरची माणसं येतील हो!"

"रडू नको! पॅक ओघळेल!" असं म्हणून पौर्णिमा तशीच जिन्याने वर धावली. ज्यांनी कधी मान वर करून बघितलं नाही, त्यांची दारं वाजवली. "काकी, तांब्याभर पाणी द्या. एका मुलीचा साखरपुडा आहे."

दिव्यात पाणी मागणं म्हणजे सोनं मागणं. पहिल्या दाराने कपाळाला आठ्या घातल्या. पण 'साखरपुडा' म्हटल्यावर आतून सासूबाई ओरडल्या, "दे गं, दे! मुलीचं काम आहे!" मग दुसरं दार. तिसरं दार. कोणी तांब्या, कोणी कळशी, एकीने तर फिल्टरचं पाणी आणलं. आणि पाणी दिलंय म्हटल्यावर ते कुठे चाललंय हे बघायला सगळ्या खाली!

पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नाही. एकजण पाणी ओततेय, दुसरी मान धरतेय, तिसरी सांगतेय, "कानामागे राहिलंय बघ." चेहरा धुऊन मुलगी आरशात बघते तर सगळ्या बायका एका सुरात, "अगंबाई, किती उजळली!"

मुलगी गेली. बायका मात्र जागच्या हलेनात. कोणी खुर्चीवर बसून बघितलं, कोणी आरशात. सगळ्यात आधी आठ्या घातलेल्या काकींनी हळूच विचारलं, "भुवयांचं किती घेतेस गं?"

पुढच्या सोमवारी पौर्णिमा नवीन पत्रक छापायला आली. मी मजकूर वाचला आणि माझा चहा सांडला. "पाणी घेऊन येणाऱ्यास आयब्रो मोफत!"

*

आणि आता जनादादांचा किस्सा. हा मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी मीठमसाला लावते. नाही लावत. मी तिथे होते.

जनादादा म्हात्रे म्हणजे आमच्या इथले मूळचे. आजोबा मिठागरात राबलेले, वडिलांनी भातशेती केली, आणि दादांनी शेताच्या जागी लग्नाचा हॉल बांधला. हॉलच्या मागेच त्यांचं गाव आणि घर. बुकिंग कसं? तर दादांच्या डोक्यात. "मना सगला पाठ हाय," म्हणायचे, आणि खरंच असायचं. दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता.

सेमिनारनंतर त्यांच्या भाच्याने मनावर घेतलं. हॉलचं ऑनलाइन बुकिंग सुरू केलं. सिल्व्हर पॅकेज, गोल्ड पॅकेज, प्लॅटिनम पॅकेज, फोटो, सगळं. दादा कौतुकाने बघायचे. पण स्वतःचं डोकं काही त्यांनी बंद केलं नाही. मामाचं डोकं आणि भाच्याचा कॉम्प्युटर, दोन्ही चालू.

लग्नसराईतल्या एका सकाळी मी टेम्पोत चढवायचे बोर्ड दाराशी ओळीने लावत होते. एक स्वागताचा बोर्ड जाधव परिवाराचा, दादांच्या हॉलचा. शेजारी आणखी एक, जाधव परिवाराचा, दादांच्या हॉलचा. मला वाटलं चुकून दोनदा छापला. मग नीट वाचलं. नवरा-नवरीची नावं वेगळी. तारीख आजचीच. मुहूर्त दोन्हीकडे संध्याकाळचा!

मी दादांना फोन लावला. "दादा, आज हॉलवर लग्न कुणाचं?"

"जाधवांचा."

"कुठल्या जाधवांचं?"

फोनवरूनच दादांनी भाच्याला हाक मारली.

झालं असं, की टिटवाळ्याच्या जाधवांनी ऑनलाइन बुक केलेलं. विठ्ठलवाडीच्या जाधवांना दादांनी तोंडी शब्द दिलेला. घरात भाचा म्हणे "जाधवांचं लग्न आहे", दादा म्हणत "जाधवांचा हाय". दोघांनाही वाटे, आपण एकच बोलतोय!

दादा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "बाय, आता काय करू गं? हॉल येक नि नवऱ्या दोन!" भाचा मागे उभा. आसपासच्या हॉलना फोन लावून झालेले. लग्नाची तिथ. सगळे भरलेले.

"हॉल कॉम्प्युटरवाल्या जाधवांना. ज्याला मी शब्द दिला, त्याचे दारान मीच जाणार," असं म्हणून दादा उठले. मला म्हणाले, "तू चल. बाईमाणूस संगती असला तं नवरीशी बोलता येल."

विठ्ठलवाडीला मुलीचं घर पाहुण्यांनी भरलेलं. दारात तोरण, मुलीच्या हातावर मेंदी. दादांनी वडिलांना बाजूला घेतलं आणि काही न लपवता सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "गावाकडून माणसं निघालीत हो. मुलाकडच्यांना काय सांगू? लग्न मोडेल माझ्या पोरीचं."

दादांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "चूक माझी हाय. हॉल नाय देऊ शकत. पन माझा घर हाय, अंगण हाय. माझे पोरीचा लगीन त्याच अंगणान लागला. तुमचे पोरीचा पण तसाच लावतो. जेवणखाण, मंडप, पावणे, सगला माझा. तुम्ही निसते या."

वडील ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. काका लोक आवाज चढवायला लागले. तेवढ्यात मुलगीच पुढे आली. मेंदीचे हात अंगापासून लांब धरलेले.

"दादा, अंगण मोठं आहे का?"

"बाय, तुझी वरात फिरंल इतका."

ती वडिलांकडे वळली. "मग चला ना, बाबा. लग्न मला करायचंय, हॉलला नाही."

त्यानंतर त्या गावात जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. दादांच्या भावकीने एक-एक काम वाटून घेतलं. पोरांनी आंब्याच्या डहाळ्या आणून मंडप बांधला. अंगण झाडून, सारवून बायकांनी रांगोळ्या घातल्या. हॉलच्याच आचाऱ्यांनी दुसरी चूल मांडली. पौर्णिमा दिव्याहून बॅग घेऊन आली आणि नवरीला दादांच्या सुनेच्या खोलीत तयार करायला बसली. मी बोर्डवरच्या हॉलच्या नावावर पट्टी चिकटवली, 'म्हात्रे यांचे घरी'. मुलाकडची माणसं आली ती गाल फुगवूनच. दादांच्या आईने, नव्वदीच्या असतील, प्रत्येकाला गूळपाणी दिलं आणि व्याह्यांना म्हणाल्या, "आमचे घरची नवरी हाय, नीट न्या." व्याही वाकून पाया पडले.

ऊन उतरलं. गावातल्या म्हाताऱ्या बायका मंडपाच्या कडेला दाटीने बसल्या आणि त्यांनी धवले, म्हणजे त्यांच्या बोलीतली लग्नाची गाणी, म्हणायला सुरुवात केली. माईक नाही, काही नाही. नवरीच्या आईला त्या भाषेतला शब्द न् शब्द कळत नसणार, पण ती पदराने डोळे पुसत होती.

पलीकडे हॉलमध्ये टिटवाळ्याच्या जाधवांचं लग्नही जोरात होतं. एसी, लाइटिंग, खुर्च्यांना सॅटिनचे बो. पण हळूहळू त्यांच्याकडची पोरं मागच्या दाराने अंगणाकडे यायला लागली. मग पोरांना शोधायला आया आल्या. मग आयांना शोधायला आज्या. एक आजी तर आमच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत मांडी घालून बसल्याच.

अंगणातल्या जाधवांवर अक्षता पडल्या. मंडळी पानावर बसली. दादा भिंतीला टेकून उभे होते, दिवसभरात पहिल्यांदा. तेवढ्यात हॉलकडून टिटवाळ्याच्या नवरीचे वडील तरातरा येताना दिसले. सूट, फेटा, आणि चेहरा लाल. भाचा घाबरून माझ्या मागे सरकला.

दादांनी आधीच हात जोडले. "साहेब, आवाज जास्त झाला काय? माफी करा. आजचा दिवस जरा..."

"ते राहू द्या!" ते गृहस्थ म्हणाले. त्यांनी एकदा मंडपाकडे बघितलं, पंगतीकडे बघितलं, धवले म्हणणाऱ्यांत बसलेल्या स्वतःच्या आईकडे बघितलं.

"आम्ही सगळं ऑनलाइन बघून बुक केलेलं. सिल्व्हर बघितलं, गोल्ड बघितलं, प्लॅटिनम बघितलं." आणि अंगणाकडे बोट करून म्हणाले, "मग हे पॅकेज आम्हाला का नाही दाखवलंत?"